हाडांत मुरलेली भाकरी

मंगळवेढ्याकडच्या एखाद्या गावात जन्मभर ज्वारीची भाकरी खाल्लेला एक माणूस, आणि राजापूरच्या खाडीकाठी जन्मभर भात-मासे खाल्लेला दुसरा. दोघांच्या मांडीच्या हाडाचा हरभऱ्याएवढा तुकडा घ्या, नावाची चिठ्ठी लावू नका आणि प्रयोगशाळेत देऊन या. कुठला तुकडा भाकरीवाल्याचा आणि कुठला भातवाल्याचा, हे तिथली माणसं सांगतील. भाकरीबरोबर पिठलं होतं की ठेचा, हे मात्र त्यांना कधीच सांगता येणार नाही.

आपल्याकडे आजी नातवाला म्हणते, ‘खातोस भरपूर, पण अंगी लागत नाही.’ खाल्लेलं वेगळं आणि अंगी लागलेलं वेगळं, हा फरक तिला पक्का ठाऊक असतो. हाडांवरून जुन्या माणसांचं जेवण ओळखणाऱ्या शास्त्राला कळतं ते फक्त अंगी लागलेलं.

तेवढं कळणंही थोडं नाही. एरवी पुरातत्त्वज्ञाच्या हाती काय लागतं? चुलीपाशी जळालेले दाणे, सुरीच्या खुणा असलेली जनावरांची हाडं, मडक्यांची खापरं. यातला जळालेला दाणा मोठा फसवा साक्षीदार आहे. तो उरला, कारण तो कुणी खाल्लाच नाही. पोटात गेलेल्या दाण्यांचा मागमूस राहत नाही, चुलीत सांडलेला दाणा मात्र तीन हजार वर्षं टिकतो. ग्रंथांचं म्हणाल, तर ते लिहिणारे आणि लिहवून घेणारे भरल्या पोटाचे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मांडे आहेत, वडे आहेत, भाजलेले उंदीरसुद्धा आहेत. पण त्याच्या राज्यातला कुळवाडी रोज सकाळी काय खाऊन शेतावर जात होता, याचं वर्णन करण्यात राजाला रस असण्याचं कारण नव्हतं.

गंमत म्हणजे, हाडांतून जेवण शोधायला कुणी मुद्दाम निघालं नव्हतं. १९६०च्या दशकात अमेरिकेतले पुरातत्त्वज्ञ रेडिओकार्बन पद्धतीने जुन्या वस्त्यांचा काळ ठरवत होते. एकाच चुलीतला कोळसा आणि मक्याचं कणीस दोन्ही तपासले, तर मका दोनेकशे वर्षांनी ‘तरुण’ निघायचा. एकाच दिवशी विझलेल्या चुलीत दोन शतकांचा फरक कसा पडेल? मका हवेतला कार्बन इतर झाडांसारखा घेत नाही, हे या घोळाच्या मुळाशी होतं.

कार्बनचे टिकाऊ प्रकार दोन. एकाचं वजन १२, दुसऱ्याचं १३. जड अणू शंभरात जेमतेम एक असतो. भात, गहू, जव, डाळी, भाज्या आणि बहुतेक सगळी झाडं हवा आत घेताना अगदी पाखडून घेतात. हलका कार्बन पटकन ठेवतात, जड जमेल तितका बाहेर टाकतात. मका, ज्वारी, बाजरी, नाचणी, ऊस ही मंडळी उन्हातान्हातली. पाणी उडून जाऊ नये म्हणून पानांची छिद्रं जपून उघडायची, जो वायू आत येईल तो पंपासारखा आतल्या पेशींत कोंबायचा आणि परत जाऊ द्यायचा नाही, अशी त्यांची रीत. दुष्काळी मुलखातल्या माणसासारखी ती मिळेल ते ठेवून घेतात, फार पाखडत बसत नाहीत. त्यामुळे त्यांच्यात जड कार्बनचं प्रमाण जास्त राहतं. ऊस हे कसं करतो, याची रासायनिक वाट ऑस्ट्रेलियात मार्शल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी १९६६मध्ये उलगडली. त्या वाटेवर पहिला पदार्थ चार कार्बनचा बनतो, म्हणून या वनस्पतींना सी-४ म्हणतात. गहू-तांदळाच्या वाटेवर तो तीन कार्बनचा असतो, म्हणून त्या सी-३.

फरक मोजायचं माप थोडं चमत्कारिक आहे. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनामधल्या एका पुरातन सागरी जिवाच्या जीवाश्मातला कार्बन म्हणजे शून्य असं एकदा ठरवून टाकलं, आणि बाकी सगळं त्याच्याशी हजारी प्रमाणात ताडलं जातं. सी-३ वनस्पती सरासरी उणे २६ किंवा २७वर येतात, सी-४ उणे १२ किंवा १३वर. या दोन गटांच्या मधली पट्टी जवळजवळ रिकामी आहे, आणि सगळी मौज त्या रिकामेपणात आहे. खाणाऱ्याच्या हाडातल्या प्रथिनात हा आकडा साधारण पाचाने वर सरकतो. म्हणजे नुसत्या गहू-तांदळावर वाढलेल्याचं हाड उणे २१च्या आसपास आणि नुसत्या ज्वारी-बाजरीवर वाढलेल्याचं उणे ८च्या जवळपास. दोन्ही खाणारा मधे कुठेतरी. खाण तशी माती.

१९७७मध्ये योहान फोगेल आणि निकोलास फान डर मेर्वे यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या जुन्या सांगाड्यांवर हे करून दाखवलं. मका येण्याआधीच्या लोकांची हाडं एका बाजूला, मका पेरणाऱ्यांची दुसऱ्या बाजूला. एकही कणीस न सापडता, मका खाल्ल्याचा पुरावा खाणाऱ्याच्याच अंगातून निघाला.

हे मराठी वाचकाला विशेष जवळचं वाटायला हवं. मक्याच्या आगमनाची गोष्ट अमेरिकेची, पण भाकरी आणि पोळी-भात यांच्यामधली रेघ आपल्या ताटातून जाते. ज्वारी, बाजरी आणि नाचणी तिन्ही मूळच्या आफ्रिकेतल्या, पूर्वी कधीतरी इथे येऊन रुजलेल्या आणि आज हाडाच्या मराठी झालेल्या. गहू, तांदूळ, जव आणि सगळ्या डाळी रेघेच्या पलीकडे. मात्र इथेच पहिला खोडा बसतो. समजा, एखाद्या घरात रोज भातच आहे, पण दूधदुभतं भरपूर आहे आणि म्हशी ज्वारीच्या कडब्यावर पोसल्या आहेत. मग दुधातून सी-४चा जड कार्बन माणसात येणार. भाकरीचा तुकडा न मोडताही हाड भाकरीकडे झुकणार! दख्खनच्या माळरानावरची बहुतेक गवतंही सी-४च आहेत. म्हणून शहाणा संशोधक माणसांबरोबर त्याच वस्तीतल्या गाई-बकऱ्यांची हाडंही तपासतो. जनावरांनी काय खाल्लं हे कळल्याशिवाय माणसांनी काय खाल्लं हे सांगणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते पाहू. अर्धा-एक ग्रॅम हाड घेतात. वरची माती खरवडतात आणि तुकडा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवतात. काही दिवसांत खनिज भाग विरघळतो आणि हाडाच्याच आकाराचा, रबरासारखा वाकणारा, अर्धपारदर्शक ऐवज राहतो. हे कोलॅजेन. पायाचं सूप फ्रिजमध्ये ठेवलं की थरथरणारा थर जमतो ना, तो याच जातीचा. पुढची कृतीही सुपाचीच आहे. किंचित आंबट पाण्यात ते मंद तापवून विरघळवायचं, गाळायचं, गोठवून वाळवायचं. हाती येतो पांढरा, कापसासारखा हलका पदार्थ. त्यातला अर्धा मिलिग्रॅम कथलाच्या इवल्याशा पुडीत बांधून यंत्रात जाळतात आणि निघालेल्या वायूतले जड-हलके अणू मोजतात. कार्बन आणि नायट्रोजन यांचं आपसातलं प्रमाण २.९ ते ३.६च्या बाहेर गेलं, तर तो नमुना बाद. याचा अर्थ, हे आता त्या माणसाचं कोलॅजेन राहिलेलं नाही, मातीने त्यात भेसळ केली आहे.

नायट्रोजन ही या शास्त्राची दुसरी मोजपट्टी. त्यातही १४ आणि १५ असे हलके-जड प्रकार आहेत. अन्नसाखळीत एक पायरी वर चढलं की जड नायट्रोजन हजारी तीन ते पाच एककांनी वाढतो. गवतापेक्षा बकरी वर, बकरीपेक्षा बकरी खाणारा वर. पाण्यातल्या साखळ्या लांबलचक असतात. शेवाळ, शेवाळ खाणारा किडा, किडा खाणारा मासा, त्याला खाणारा मोठा मासा. म्हणून मासेखाऊ माणूस फार वर बसतो. उलट टोकाला डाळी. त्यांच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नायट्रोजन थेट उतरतो, म्हणून त्यांचा आकडा शून्याच्या आसपास. वरण-भातावरचा माणूस या मोजपट्टीवर अगदी तळाशी दिसतो.

यातही फसगत आहेच. शेताला वर्षानुवर्षं शेणखत घातलं तर धान्याचाच नायट्रोजन जड होतो. म्हणजे उकिरडा नीट सांभाळणारा, जवाची भाकरी खाणारा गरीब शेतकरी यंत्राला मटण खाणारा वाटू शकतो. हे लक्षात येईपर्यंत युरोपातल्या पहिल्या शेतकऱ्यांच्या ताटात संशोधकांनी बरंच मांस वाढून ठेवलं होतं.

या पद्धतीतला माझ्या मनाला सर्वांत भिडणारा भाग अंगावर पिणाऱ्या बाळांचा आहे. बाळ आईचं दूध पितं, म्हणजे अन्नसाखळीच्या हिशेबात ते आईलाच खातं. त्यामुळे त्याचा नायट्रोजन आईपेक्षा एक पायरी वर चढतो, दोन-तीन एककांनी. वरचं अन्न सुरू झालं की हळूहळू उतरतो. इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये वॉरम पर्सी नावाचं एक मध्ययुगीन गाव होतं. ते पुढे उठलं आणि त्याच्या चर्चभोवतीच्या दफनभूमीतून जवळजवळ ७०० सांगाडे निघाले. त्यातल्या वेगवेगळ्या वयाच्या बालकांच्या हाडांचे आकडे ओळीने मांडले तेव्हा दिसलं, की तिथल्या आया मुलांना साधारण दोन वर्षांपर्यंत अंगावर पाजत होत्या. या बायांबद्दल कुठल्याही दप्तरात एक ओळ नाही. गावच्या जमिनीच्या नोंदी आहेत, करांच्या आहेत. बाळ अंगावरून कधी तोडलं, ही गोष्ट फक्त बाळांच्या बरगड्यांत राहिली.

बरगडीवरून रिचर्ड आठवला. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या लढाईत मारला गेला, वयाच्या ३२व्या वर्षी. लेस्टर शहरात एका मठात त्याला घाईघाईने पुरलं, पुढे मठ पडला, आणि २०१२मध्ये मोटारी लावायच्या जागेखाली त्याचा सांगाडा सापडला. त्याच्या वाकलेल्या पाठीच्या कण्याची आणि कवटीवरच्या घावांची चर्चा जगभर झाली. माझ्या दृष्टीने खरी गोष्ट २०१४मध्ये बाहेर आली. संशोधकांनी त्याचे दात, मांडीचं हाड आणि बरगडी, असे तीन नमुने वेगवेगळे तपासले होते.

तीन कशाला? कारण शरीरातल्या सगळ्या भागांचं वय सारखं नसतं. दाताचं कवच लहानपणी एकदा घडतं आणि नंतर बदलत नाही. म्हाताऱ्याच्या तोंडात त्याच्या बालपणीचं पाणी आणि अन्न कुलूपबंद असतं. मांडीचं जाड हाड सावकाश नवं होतं, त्यात दहा-पंधरा वर्षांची सरासरी सापडते. बरगडी चटचट बदलते, तिच्यात शेवटची दोन ते पाच वर्षं. म्हणजे एकाच माणसाच्या तीन वह्या. पहिली शाळेतली, दुसरी संसाराची, तिसरी अखेरच्या दिवसांची.

रिचर्ड राजा होता फक्त २६ महिने. त्याची बरगडी मांडीच्या हाडाशी ताडली तर तिच्यातला नायट्रोजन वर गेलेला. ड्यूक असतानाही तो काही उपाशी नव्हता, पण गादीवर आल्यावर ताटात गोड्या पाण्यातले मासे आणि शिकारीचे पक्षी वाढले असावेत. बगळे, हंस असल्या गोष्टी राजेरजवाडेच खात. चमत्कारिक बदल ऑक्सिजनमध्ये होता. पिण्याच्या पाण्यातल्या जड-हलक्या ऑक्सिजनचं प्रमाण प्रदेशागणिक बदलतं, म्हणून एरवी त्यावरून माणूस कुठे राहत होता हे काढतात. रिचर्डच्या बरगडीप्रमाणे तो शेवटच्या वर्षांत दुसऱ्या कुठल्या मुलखात राहायला गेलेला दिसायला हवा होता. पण राजा कुठे होता याची तर रोजच्या रोज नोंद आहे. तो गेला नव्हता, त्याच्याकडे काहीतरी येत होतं. उत्तर निघालं वाइन. परदेशी द्राक्षांच्या रसातलं पाणी तिथल्या उन्हातलं. हिशेब केला तर त्याच्या पोटात जाणाऱ्या द्रवाचा जवळजवळ चौथा हिस्सा वाइनचा असावा.

याच सांगाड्याच्या ओटीपोटापाशी असलेल्या मातीत जंतांची अंडीही सापडली. हंस खाऊन आणि परदेशी वाइन पिऊन राजाच्या पोटात जंत ते जंतच. मुदपाकखान्यातल्या कुणाचे तरी हात धुतलेले नसावेत.

एका माणसाच्या हाडांतून असा बदल दिसतो, तसा अख्ख्या समाजाचाही दिसतो. उत्तर युरोपातून गेलेले नॉर्स लोक दहाव्या शतकाच्या अखेरीस ग्रीनलंडमध्ये वसले आणि पंधराव्या शतकात तिथून नाहीसे झाले. ते गाई-मेंढ्या राखण्याचा हट्ट सोडेनात, समुद्रातलं खाईनात, म्हणून संपले, अशी एक बोधकथा लोकप्रिय झाली होती. त्यांच्या सांगाड्यांनी ती खोटी ठरवली. सुरुवातीच्या पिढ्यांच्या अन्नात समुद्राचा वाटा २० टक्क्यांच्या आसपास, शेवटच्यांच्या अन्नात ८० टक्क्यांपर्यंत. बिचारे सील खाऊन तगत होते. हट्टीपणाचा आरोप त्यांच्यावर उगाच होता. तुर्कस्तानातल्या एफेससच्या रोमन ग्लॅडिएटरांबद्दलचीही अशीच एक समजूत मोडली. पडद्यावर मांसाचे लचके तोडणारे हे गडी हाडांच्या साक्षीनुसार जव, गहू आणि शेंगांच्या दाण्यांवरच पोसलेले होते. त्यांच्या काळात त्यांना ‘जवखाऊ’ म्हणून चिडवत, ते काही खोटं नव्हतं.

युरोपची उदाहरणं भरभरून देता येतात, कारण तिथे थंडी आहे आणि दफनभूमी आहेत. आपल्याकडे उन्हाने कोलॅजेनची वाट लावलेली असते. खोदताना हाड सापडतं, हातात धरता येतं, पण आतला सुपाचा ऐवज गेलेला. अशा वेळी संशोधक दातांकडे वळतात. शरीरात दाताच्या कवचाएवढं कठीण दुसरं काही नाही.

म्हणून आता इनामगावला जाऊ. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. हसमुख सांकलिया, मधुकर धवलीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या देखरेखीखाली डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे खोदकाम केलं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं इथे शेतकऱ्यांची वस्ती होती. मुख्य पीक जव. सोबत गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा. पाटाचं पाणी होतं, गावाचं कोठार होतं. गाईगुरं पाळत आणि खातही, हाडांवर सुरीच्या खुणा स्पष्ट आहेत. मोठी माणसं घराच्या आतच पुरत, घोट्याखालचे पाय तोडून. मेलेल्याने उठून चालायला लागू नये म्हणून असेल, असा खोदणाऱ्यांचा तर्क. तान्ह्या मुलांना दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, जमिनीखाली ठेवत. दोनशेहून अधिक दफनं निघाली, त्यातली बहुतेक मुलांची.

त्या गावच्या दातांत काय दिसतं? एक म्हणजे झीज. धान्य दगडी पाट्यावर रगडायचं, गोल फिरणारं जातं त्यानंतर कित्येक शतकांनी आलं. पाट्याची कच पिठात, पिठातून दाताखाली. दुसरं म्हणजे कीड. शिकारीवर जगणाऱ्यांच्या दातांना कीड कमी असते, पिठाळ, चिकट अन्न खाणाऱ्या शेतकऱ्यांच्या दातांना जास्त. दाढदुखी शेतीइतकीच जुनी. बलुचिस्तानातल्या मेहरगढला साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या अकरा दाढा सापडल्या आहेत, गारेच्या टोकाने भोक पाडलेल्या. त्या काळचे दाताचे डॉक्टर! भूल कशाची देत होते, देव जाणे.

तिसरी खूण सूक्ष्म आहे. बाळ आजारी पडलं, उपाशी राहिलं, की त्या आठवड्यांत दाताचं कवच नीट घडत नाही आणि त्यावर खळगा किंवा आडवी रेघ उरते. अमेरिकेचे जॉन लुकाच आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी इनामगावच्या मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवरचे असे खळगे मोजले. या गावाची गोष्ट अशी सांगितली जात होती, की इ. स. पूर्व १०००च्या सुमारास पाऊस आटला, शेती बसली, चौकोनी ऐसपैस घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या आणि लोक शिकार, शेळ्यामेंढ्या आणि रानमेव्यावर जगू लागले. मग उत्तरकाळात खळगे वाढायला हवेत. निघालं उलटं. ते कमी झाले होते. शेती सुटली आणि मुलांचं खाणंपिणं सुधारलं, असा अर्थ निघत होता. एका पिकावर टेकलेल्या जेवणापेक्षा रानातलं चौफेर खाणं सकस, हे पटण्यासारखंही आहे.

पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी त्याच बालकांच्या हाडांची वाढ तपासली. २०११च्या त्यांच्या पुस्तकात चित्र पालटलं. उत्तरकाळातली मुलं खुरटलेली, वाढीत मार खाल्लेली. आणि पाऊस आटल्याची गोष्टही वाटली तितकी सरळ नाही, असं त्यांचं म्हणणं. एकाच गावची मुलं, दात एक सांगतात आणि मांड्यांची हाडं दुसरं.

कोणाला खरं मानायचं? मला वाटतं, दोघंही खरं बोलत असतील, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांना उत्तरं देत असतील. दुधाचा सुळा घडायला आईच्या पोटातच सुरुवात होते, त्याच्यावरचा खळगा पहिल्या काही महिन्यांची हकिगत सांगतो. हाडाची लांबी-जाडी पुढच्या वर्षांची. पहिले महिने बरे गेले आणि नंतर, वरचं अन्न सुरू झाल्यावर, हाल झाले, असंही होऊ शकतं. शिवाय १९९२मध्ये जेम्स वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अडचण दाखवून दिली आहे, जी या विषयातल्या प्रत्येकाला रात्री झोपू देत नाही. दातावर रेघ उमटायला मूल त्या आजारातून वाचावं लागतं. जे चार दिवसांत गेलं, त्याचे दात स्वच्छ. म्हणजे खुणा असलेला सांगाडा चिवट जिवाचा असू शकतो आणि बिनखुणेचा कमजोराचा. त्यात स्मशानातली मुलं ही मुळात न जगलेली. जी जगली, वाढली, भरपूर खाऊन म्हातारी झाली, त्यांची बालपणीची हाडं आपल्याला कुठून मिळणार?

दातांबद्दल आणखी एक. ज्याला आपण कीटण म्हणतो, डेंटिस्ट खरवडून काढतो, तो थर जिवंतपणीच दगड होतो आणि त्यात अन्नाचे कण अडकून पडतात. ताटाच्या सर्वांत जवळ पोहोचवणारा पुरावा हाच. हरयाणातल्या फरमाणा या सिंधू संस्कृतीच्या वस्तीत सापडलेल्या मडक्यांवर आणि माणसाच्या दातांवर अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांना हळद आणि आल्याच्या पिष्टाचे कण ओळखता आले, साधारण चार हजार वर्षांपूर्वीचे. वर्तमानपत्रांनी लगेच ‘जगातली पहिली करी’ वाढली. हळदीचा प्रवासही दातांनीच दाखवला. इस्राएलमधल्या मगिद्दोला इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकातल्या एका माणसाच्या दातांच्या कीटणात तिची प्रथिनं मिळाली. दक्षिण आशियातलं मुळकूट भूमध्य समुद्राच्या अंगणात कुणाच्या तरी जेवणात पडलं होतं.

भूमध्य समुद्राकडची माणसं उलट दिशेनेही आली होती. उत्तराखंडात पाच हजार मीटर उंचीवर रूपकुंड नावाचं तळं आहे, शेकडो माणसांच्या हाडांनी वेढलेलं. बर्फामुळे तिथे कोलॅजेन टिकलं. २०१९मध्ये ३८ जणांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांचाही सहभाग होता. २३ जण दक्षिण आशियाई वंशाचे, इ. स. ८००च्या आसपासचे, आणि १४ जण भूमध्य समुद्राच्या पूर्व भागातले, जेमतेम दोनशे वर्षांपूर्वीचे! कुणाचा विश्वास बसेना. पण त्यांच्या जेवणाने दुजोरा दिला. भूमध्यवाल्यांचे कार्बनचे आकडे एका जागी गोळा झालेले, सगळे सी-३. भरडधान्याचा स्पर्शही नाही. दक्षिण आशियाई मंडळींचे आकडे मात्र विखुरलेले. कुणी गहू-तांदळाचा, कुणी ज्वारी-बाजरीसारख्या धान्याचा, कुणी मधला. बहुधा यात्रेकरू असावेत. गावोगावचे, वेगवेगळ्या घरांतले, एका वाटेवर आलेले. चूल मात्र प्रत्येकाची आपली.

यादवांच्या, बहामनींच्या, शिवाजी महाराजांच्या काळच्या मराठी मुलखाचं असं काही करता येईल का, असा प्रश्न साहजिक आहे. आपल्याकडे बहुतेकांना जाळतात. चितेत कोलॅजेन जातं, दाताचं कवच तडकून फुटतं, आणि उरलं ते सावडून नदीत. तुकोबांच्या काळातला देहूचा कुणबी ज्वारीवर होता की भातावर, हे त्याच्या हाडाला विचारायची सोय आपण ठेवलेली नाही. वॉरम पर्सीच्या अनामिक शेतकऱ्याबद्दल आपल्याला जे कळतं, ते आपल्या खापरपणजोबांबद्दल कळत नाही.

अपवाद तान्ह्या मुलांचा. दात येण्याआधी गेलेल्या बाळाला जाळायचं नाही, पुरायचं, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. म्हणजे मातीत राहिली ती नेमकी उष्टावण न झालेली बाळं, ज्यांच्या जिभेला दाण्याची चव कधी लागली नाही. त्यांच्या हाडात स्वतःचं जेवण नसतं. जन्माआधी नाळेतून आलेलं आणि नंतर दुधातून आलेलं, आईचंच. तिने डोहाळ्यात काय मागितलं ते नाही कळायचं. पण नऊ महिने आणि पुढे काही आठवडे तिला भाकरी मिळत होती की भात, आणि तिच्या वाट्याला दूध-मासळी येत होती की नुसतीच डाळ, हे त्या बोटाएवढ्या हाडांत लिहिलेलं असतं.